तब्येत बरी नाही, येऊन जा

दिनांक ११, मंगळवार
दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

चि. पिपाणीस आजीचा आशीर्वाद.

तू शाळेत बाई झालीस, पोरं तुला घाबरतात असं लिहितेस, तरी मी पिपाणीच लिहिणार. जन्मल्यावर तीन महिने जी वाजत होतीस ती अजून माझ्या कानात आहे.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात पोचलं. खळ शिजवणाऱ्या बाईने पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात घालून वर आणून दिलं, कोणाला दिसलं नाही. इकडे सगळं ठीक. तुझ्या बापाची कंबर धरली आहे आणि तोंड सुटलं आहे. तुझी आई त्याच्या हो ला हो करते आणि मग आत जाऊन भांडी आपटते. बायंडिंगचा कारखाना चालू आहे, पण रजिस्टरं आता कोण बांधून घेतो, कॉलेजच्या पोरांचे जाडजूड प्रबंध येतात, आतून कोणी उघडून बघत नसणार. माझी तब्येत ठणठणीत. जिना तेवढा कोणीतरी वाढवून ठेवला आहे. मोजल्या तर अठराच पायऱ्या भरतात, चढताना चाळीस होतात.

मी तुला विचारलं होतं, तुमच्या दोघींच्या घरात नवरा कोण आणि बायको कोण. तू रागावशील असं वाटलं होतं. तू चार पानं उत्तर लिहिलंस. सकाळचा स्वयंपाक ती करते कारण ती लवकर उठते, संध्याकाळचा तू करतेस कारण ती दमून येते. दिवसभर भिंती फोडून वायरी घालणारी तुझी वायरवाली घरी फुलाफुलांचे कपडे घालते आणि बाराखडी शिकवणारी तू खिळे ठोकतेस. उंदीर निघाला तर दोघी खुर्चीवर चढता. उंदराचं पुढे काय होतं ते लिहिलं नाहीस.

मी हसले. मग पत्र उशीखाली ठेवलं आणि दोन दिवस काढलं नाही. असं पत्र मला आधी एकदा आलेलं आहे.

पण त्याआधी कामाचं. रविवारी तुझा बाप वर आला. माझ्या समोर कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं, आणि म्हणाला, "आई, तिला लिही. तब्येत बरी नाही, येऊन जा. एवढंच."

मी म्हटलं, "माझ्या तब्येतीला काय झालंय?"

"काही झालं नाही तरी लिही. माझं पत्र ती फाडून टाकेल. तुझं अक्षर बघितलं की धावत येईल."

"आणि आली की?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "वीस तारखेला औषधदुकानवाल्याकडचे येणार आहेत. मुलगा शांत आहे. सगळं सांभाळून घेईल."

"सगळं म्हणजे?"

"आई, लिही गं."

लिहिते म्हटलं. मी आता तेच लिहिते आहे असं त्याला वाटतंय. मघाशी खालून ओरडला, झालं का म्हणून. मी सांगितलं, दोन ओळींना म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस लागतात.

सुट्टी संपली. मशीन सुरू झालं की टेबल हलतं, अक्षर नाचतं. उद्या लिहीन.

बुधवार

मी शाळा दोन वर्षं पाहिली. पुढचं वाचायला शिकले ते या कारखान्यात, छापलेल्या कागदांना घड्या घालताना. मोठ्या कागदावर पानं ओळीने नसतात हे तुला माहीत आहे. पहिल्याच्या शेजारी सोळावं, वरची ओळ डोक्यावर उभी. त्यामुळे मला गोष्टीचं पहिलं आणि शेवटचं एकदम कळायचं, मधलं घडी घालून झाल्यावर. अजून मला तसंच सांगता येतं. म्हणून शेवटचं आधी सांगते.

तुझा धाकटा काका पाय घसरून कालव्यात पडला नाही.

तू त्याला पाहिलेलं नाहीस. तो गेला आणि पुढच्या वर्षी तू झालीस. घसरला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, इतक्यांदा सांगितलं की तुझ्या बापाला आता ते खरंच आठवतं. कोणत्या दगडावरून घसरला तेही तो सांगतो.

आता मधलं.

खाली तेव्हाही दोन जागा होत्या. खिडकीशी शिलाईचं टेबल, तिथे बायका. आत कटिंग मशीन, ते मोठं लोखंडी चाक, तिथे पुरुष. बाईचा हात चाकाला लागला की पातं बोथट होतं, असं तुझे पणजोबा म्हणायचे. मी एकदा सगळे जेवायला गेल्यावर चाक फिरवून गठ्ठा कापून बघितला. पात्याला काही झालं नाही. मी गप्प बसले. सांगितलं असतं तर तेही काम माझ्याच गळ्यात पडलं असतं.

धाकटा पहिल्यापासून बायकांच्या टेबलावर. सुई अशी धरायचा की कागदाला कळू नये. शेवटची गाठ सगळ्या बायका बाहेर, पाठीवर मारतात. तो दोरा परत आतल्या पानात नेऊन तिथे बांधायचा. बाहेरून बघितलं तर पुस्तक कुठे संपवलं तेच दिसत नाही. तो लहान होता तोवर कौतुक झालं. एकोणीस वर्षांचा झाला, मिशा आल्या, तरी तिथेच. मग बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "वहिनी, तुमच्या धाकटीला स्थळं बघायला लागा आता."

मी त्याला म्हटलं, ऊठ तिथून. तो म्हणाला, "आई, सुईला कुठे माहीत असतं धरणारा कोण आहे?"

मला वाटायचं सुईनेच त्याला तसं केलं. काम बदललं की माणूस बदलेल. म्हणून मी त्याला मशीनवर घातलं, चाकवाल्याच्या हाताखाली. चाकवाला म्हणजे पुरुष कसा असावा याचा आमच्याकडचा नमुना. एकटा दोन रिमं खांद्यावर घ्यायचा. स्वतःचं ताट कधी उचललं नाही त्याने. मी धाकट्याला सांगितलं, याच्याकडे बघ, याच्यासारखा हो.

बघितलं त्याने. माझंच ऐकलं.

वर्षभर पोरगा शिट्टी वाजवत घरी यायचा. खांदे भरले, आवाज मोठा झाला. मी तुझ्या आजोबांना म्हटलं, बघा, लागला मार्गाला. मग एका दुपारी सुट्टीत मी सुईचा डबा घ्यायला खाली गेले. चाकवाला मशीनला टेकून उभा होता आणि धाकटा त्याच्या अंगातल्याच सदऱ्याला बटण लावत होता. टाका झाल्यावर दातांनी दोरा तोडायला तो त्याच्या छातीपाशी वाकला. चाकवाल्याने हात वर धरले होते, सुई टोचू नये म्हणून की दुसरं काय, मला सांगता येणार नाही. एवढंच. याहून जास्त मी काही पाहिलं नाही आणि याहून जास्त बघायला लागलंही नाही.

तुझ्या आजोबांनी चाकवाल्याला त्याच आठवड्यात काढलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटाही घर सोडून गेला.

आठ महिने काही नाही. मग पत्र आलं. त्यातलं मला पाठ आहे. "आई, दुसऱ्या बायंडिंगवाल्याकडे दोघांना काम मिळालं. इथे मी शिलाई करतो, कोणी हसत नाही. चाकवाला आता भांडी घासतो. आधी म्हणाला, हे आपलं काम नाही. मी म्हटलं, माझंही नाही, मग दोघं घाण ताटांत जेवू. चार दिवस जेवलो. पाचव्या दिवशी उठला. आता माझ्यापेक्षा लख्ख घासतो."

तुझी चार पानं वाचून मला हे आठवलं. तू बघ, मी आणि तुझे आजोबा, तुझा बाप आणि आई, आमच्यात कोणी काय करायचं हे कधी कोणी विचारलंच नाही. जन्मताच अंगात घातलं, घट्ट होवो की ढगळ. तुम्हाला आयतं बसणारं काही मिळालं नाही, म्हणून बसून एकमेकांना विचारावं लागलं, तुला काय येतं, मला काय येतं. चाकवाल्यासारखा माणूस भांड्यांना बसला तो त्यामुळे. त्याने आयुष्यात सुई धरली नव्हती, तरी तो धाकट्यासारखाच होता, तेव्हा सुईचाही काही दोष नव्हता. हे मला आता कळतं. आता कळून कोणाला उपयोग?

त्या पत्राने मला राग आला नाही, भीती वाटली. पोरगा सुखात होता. दुःखात असता तर आपोआप परत आला असता.

मी कागद घेतला आणि लिहिलं, तब्येत बरी नाही, येऊन जा. तुझ्या बापाला ही युक्ती कुठून सुचली असं तुला वाटत असेल, तर ती अशी. त्याने लहानपणी ऐकलेली नाही, चांगला मोठा होऊन, शेजारी बसून बघितलेली आहे.

शुक्रवार

काल लिहिलं नाही. का ते पुढे येईल.

धाकटा चौथ्या दिवशी सकाळी आला. हातात संत्री आणि औषधाची बाटली, कोणी दिली कोण जाणे. मी खाली स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढत होते. त्याने मला बघितलं आणि तो हसला. पिपाणी, तो आधी हसला. फसवलं हे त्याला नंतर कळलं. आधी त्याला बरं वाटलं, आई स्टुलावर चढते आहे म्हणून. माझ्या डोक्यात बाकी सगळं पुसट झालं तरी हे एक होत नाही.

जायला निघाला तेव्हा मी म्हटलं, गेलास तर खरंच मरेन. पाच आठवड्यांत लग्न लावलं.

तुझी काकू चांगली होती. तिला काही सांगितलं नव्हतं. वर्षभर आजूबाजूच्या बायका तिच्यावर जळत होत्या. नवरा स्वयंपाक करतो, तिच्या डोक्याला तेल लावतो, ती आजारी पडली तर कपडे धुतो, आवाज चढवत नाही. एक दिवस ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "सासूबाई, मला नवरा नाही हो, एक चांगली बहीण मिळाली आहे." आणि रडली.

तेव्हा मला तोंड बंद ठेवता आलं असतं. मी तिला म्हटलं, त्याला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देऊ नकोस. कामं काढून घे. बायकी हात रिकामे झाले की पुरुष जागा होईल.

परत तीच चूक. मशीनवर घातला तेव्हा केली तीच, तशीच.

तिने ऐकलं, माझं ऐकायचं असंच तिला शिकवलं होतं. मग तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचा, हात गुडघ्यांवर, तळवे वर करून, जणू कोणीतरी काहीतरी ठेवेल म्हणून. मी येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, आता कसा घरातल्या कर्त्यासारखा बसतो.

एका शनिवारी संध्याकाळी बायका चाळीस रजिस्टरं अर्धवट टाकून घरी गेल्या. सोमवारी सकाळी आल्या तर चाळीसच्या चाळीस शिवून, पाठ सरळ करून, ओळीने रचलेली. तो घरात नव्हता. बायका म्हणाल्या, वहिनी, तुम्ही शिवलीत का? मी एक उघडून गाठ शोधली. बाहेर गाठ नव्हती.

बुधवारी तो सापडला.

ती रजिस्टरं सरकारी दवाखान्याची होती. तुझ्या आजोबांनी ती तशीच पोचती केली.

तुझ्या काकूने पुढे दुसरं लग्न केलं, तिला दोन मुलं आहेत. जाताना मला म्हणाली, "त्यांच्यावर माझा राग नाही. तुमच्यावर आहे." मी म्हटलं, असू दे. दुसरं काय म्हणणार. चाकवाल्याचं पुढे काय झालं माहीत नाही. त्याला कोणी कळवलं का, तेही नाही. मी तर नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मेलेला माणूस येत नाही, जिवंत असलेले इथे वेळेवर येत नाहीत. पण दुपारच्या सुट्टीत मशीन थांबतं, सगळे बाहेर जातात, आणि खाली शिलाईच्या टेबलाकडून मेण लावलेला दोरा कागदातून ओढल्याचा आवाज येतो. सर्र, मग थोडं थांबून परत सर्र. चोवीस वर्षं येतो. पूर्वी मी खाली जाऊन बघायचे. टेबल रिकामं असायचं आणि मी तिथे हात ठेवून उभी राहायचे, बायका परत येईपर्यंत. आता कामाशिवाय जिना उतरवत नाही, वरूनच ऐकते. म्हणून तुला सुट्टीत लिहायला बसते, पेनाचाही आवाज होतो तेवढाच.

तू बारा वर्षांची असताना चाकाला हात घातलास. तुझा बाप धावून आला, तुझी आई ओरडली, बायका तोंडावर हात ठेवून बघायला लागल्या. मी म्हटलं, फिरवू दे तिला. तुला तेव्हा वाटलं असेल आजी किती चांगली. मी चांगली नव्हते, मी घाबरलेली होते. तुझ्या हाताला धाकट्याचीच बोटं आहेत हे बघितलं होतं मी, तू पाळण्यात होतीस तेव्हाच.

आता काल का लिहिलं नाही ते.

काल मी दवाखान्यात गेले होते. तुझ्या बापाला सांगितलं, पाय मोकळे करून येते. चार महिने जाते आहे. फुप्फुसात पाणी होतं, काढतात, परत होतं. डॉक्टरीण सरळ बोलणारी आहे, मला आवडते. मी विचारलं, किती? ती म्हणाली, पुढचं वर्ष बघाल असं वाटत नाही, आजी. तिला माझ्या जुन्या ऑपरेशनची तारीख हवी होती. क्लार्क आतून धुळीतली रजिस्टरं घेऊन आला. मी एक उघडलं. तारीख सापडेना म्हणून तो कुरकुरत होता आणि मी पाठीवर बोट फिरवत होते. गाठ नाही. मधलं पान काढलं तर होती, आत, बारीक, घट्ट. क्लार्क म्हणाला, "आजी, काय शोधताय? नाव पुढच्या पानावर असतं." मी म्हटलं, असू दे.

तर पिपाणी, तुझ्या बापाला माहीत नाही, पण तो मला खरं तेच लिहायला सांगतो आहे. मागच्या वेळी मी धडधाकट असून खोटं लिहिलं. या वेळी लिहिलं तर एक अक्षर खोटं नसेल. आणि म्हणूनच मला कळेना काय करावं. चार दिवस मी पेन धरून बसते आहे. तुला बघायचं आहे मला. तुझ्या वायरवालीलाही, कशी दिसते ती. पण तू आलीस की दार बंद होईल. तुझा बाप वाईट नाही, तो फक्त माझा मुलगा आहे. तो रडेल, तुझी आई पाया पडेल, मी अंथरुणात असेन, आणि तू माझ्याकडे बघून हो म्हणशील. धाकटा तेवढ्यानेच हो म्हणाला होता.

तर नीट वाच. बापाला मी सांगेन की पत्र लिहिलं आणि पेटीत टाकायला दिलं. तू वीसला आली नाहीस की तो ओरडेल. मला कमी ऐकू येतं, ती एक सोय आहे. त्याला फक्त तुझी शाळा माहीत आहे; घरचा पत्ता मी फाडून चुलीत घातला आहे, कोणाला सापडणार नाही. पाठ आहे, त्याला इलाज नाही. तू लिहीत जा, पाकिटावर मागे पत्ता घालू नकोस. खळवाली वाचून दाखवेल, मला दिसेनासं झालं तर.

पण माझं हे शेवटचं. यापुढे माझ्या अक्षरात काहीही आलं तर ते माझं नाही असं समज. तुझा बाप माझं अक्षर काढू शकतो, शाळेत असताना माझी सही तोच मारायचा. आणि समजा खरंच माझं असलं. एखाद्या दुपारी दम लागेल, भीती वाटेल, आणि मीच कागद ओढून लिहीन, पिपाणी, तब्येत बरी नाही, येऊन जा. ते तर मुळीच ऐकू नकोस. मी घाबरले की काय करते ते तुला वर लिहून दिलं आहे.

मी गेल्याचं कळेल तेव्हाही येऊ नकोस. घरी बस, तिच्याजवळ. त्या दिवशी जिला उठवेल तिने स्वयंपाक करावा.

तुझ्या वायरवालीला आशीर्वाद. तिला माझ्याविषयी काय सांगायचं ते तू ठरव. धाकट्याचं मात्र सगळं सांग. इतकी वर्षं या घरात त्याचं नाव घसरण्यापाशी येऊन थांबतं. तुमच्या घरात पुढचं बोला.

यापुढे उत्तर न देणारी
तुझी आजी,
तुझ्या धाकट्या काकाची आई